पाच चुका की तासभर बंद

११ मार्च, सोमवार
मशीन नव्हे, डोकेदुखी! दारातल्या मशीनवर आपला नंबर आणि गुप्त आकडा टाकला की हजेरी लागते. शनिवारी सगळ्या बायकांना आकडा बदलायला लावला. आज सातला टाकला तर म्हणे – फार वेळा चुकलात, तासभर थांबा. मी? एकदाच टाकलाय मेल्या! सव्वासातला हजेरी बंद. सात मजले पुसले, तरी गैरहजर.

१२ मार्च
परत तेच. सुपरवायझर म्हणतो, "बाई, मशीन खोटं बोलत नाही." म्हटलं, मग ही फरशी काय भुताने पुसली? हसला. "आठवड्यात चार खाडे झाले की नाव आपोआप कटतं. मी काय करू?"
काम गेलं तर दिवसभर करू काय? घरात भांडी उगाच आपटते, आवाज व्हावा म्हणून.

१३ मार्च
तिसरा खाडा! चौथ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या पोरीसमोर जाऊन उभी राहिले. ती चष्मेवाली. हा पहारा तिनेच बसवलाय.
"मावशी, पाचदा आकडा चुकला की खातं तासभर बंद होतं. चोराने आकडे लावून बघत बसू नये म्हणून. हजेरी फोनवरूनही बघता येते. तुमच्या नंबरवर रोज साडेसहाला कोणीतरी एका फोनवरून पाचदा चुकतंय. आकडा कोणाला सांगितलात?"
कोणाला सांगू? घरात मी आणि भिंती. जुना आकडा लेकीने लावून दिला होता, तिने दोन वर्षं झाली बोलणं टाकलंय.
"तो फोन बंद करू?"
विचारतेस काय! कायमचा कर. मेला माझ्या पोटावर उठलाय!

१४ मार्च
पहिल्या झटक्यात हजर! चष्मेवालीने तिन्ही खाडे पुसले. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. बादलीला सांगितलं.

१५ मार्च
चष्मेवालीने जिन्यात थांबवलं. "मावशी, जुन्या नोंदी काढल्या. तो फोन दोन वर्षं रोज सकाळी यायचा. तेव्हा आकडा बरोबर टाकायचा. आदल्या दिवशीची तुमची हजेरी बघायचा आणि जायचा. बाकी कशाला हात नाही लावला." फोन कुठल्या शहरातला, ते नाव सांगितलं.
लेकीचं.
आई कामावर गेली म्हणजे धड आहे – एवढंच बघून जायची पोर.
आजही हजेरी लागलीय. तिला दिसली नसेल.