आईच्या गाण्यातली ओळ

४ मार्च, मंगळवार

सातवं गाणं झालं! एका दमात. बाबांची रीत तीच — एकदाच गायचं आणि तेच ठेवायचं, चुकीसकट. ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, काचेपलीकडून ओरडला, "काका, दुसऱ्या कडव्यात खोकलात!" बाबा म्हणाले, "अडुसष्टाव्या वर्षी माणूस खोकतो. राहू दे. तेही घडलेलंच आहे की."

रेकॉर्डचं नावच 'घडलं तसं'. चाळीस वर्षं ब्लूज गाऊन झाल्यावर बाबा पहिल्यांदाच फक्त स्वतःबद्दल गातायत. उसनी आणलेली पहिली गिटार, मोडलेलं मनगट, भांडून निघून गेलेला ड्रमर. एकच गाणं उरलंय — आईचं.

५ मार्च

आईचं गाणं आज लिहून घेतलं.

बाबांना आता अक्षर दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते गातात, मी उतरवते. मग स्टुडिओत त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक ओळ आधी कानात सांगते आणि ते गातात. ब्लूजच्या रीतीप्रमाणे पहिली ओळ दोनदा येते, तिसरी तिला उत्तर देते. आज म्हणाले ते असं —

शेवटच्या सकाळी, राणी, माझ्या हातात तुझा हात
शेवटच्या सकाळी, राणी, माझ्या हातात तुझा हात
बाहेर उजाडत होतं, आत विझत होती वात

आईचा हात माझ्या हातात होता! मी दहा वर्षांची होते. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मी. बाबा कार्यक्रमाला दुसऱ्या गावी होते. ते तिसऱ्या दिवशी आले.

आणि हे दोनदा म्हणायचं!

तरी लिहिलं. मला शाळेत घालायच्या आधी आईने याच टेबलाशी शुद्धलेखन शिकवलं होतं. ऐकलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. पदरचं काही घातलं नाही. अक्षर मात्र वाकडं आलंय.

६ मार्च

जेवण गेलं नाही. मीच चुकीचं ऐकलं असेल का? कागद तीनदा वाचला. नाही, बरोबर ऐकलंय.

७ मार्च

विचारलं शेवटी. सकाळपासून चार वेळा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले, पाचव्यांदा आत गेले. ते चाचपडत गिटारच्या तारा बदलत होते.

"बाबा, ती हाताची ओळ. तुम्ही नव्हता तेव्हा."

"गाणं आहे ते, पंचनामा नाही."

"मग रेकॉर्डचं नाव बदला."

"फार शिकलीस!"

"तुम्हीच शिकवलंत."

एरवी हसले असते. म्हणाले, "तुला बोट दिलं की मनगट धरतेस. सोमवारी गाणार आहे. लिहिलंय तसंच सांगायचं." आणि तार अशी पिळली की तुटलीच.

वाईट वाटलं. पण मी खोटं काय बोलले?

८ मार्च

मावशीला फोन केला. खात्री नको करायला?

"मावशी, तेव्हा बाबांना नक्की कळवलं होतंस ना?"

"आता काय मढी उकरतेस? मीच लावला होता फोन. आला नाही. झालं!" मग थोडी नरमली. "जेवलीस का? आवाज बसलाय तुझा."

हा विषय निघाला की मावशी नेहमी अशीच तोडून टाकते. बाबांशी तर सोळा वर्षांत धड बोललेली नाही.

सोमवारी गेलेच नाही तर ओळ सांगायला कुणी नाही, म्हणजे गाणंही नाही. पण आईचं गाणं राहून जावं असं मला मुळीच वाटत नाही. ते व्हायला हवं, आणि खरं व्हायला हवं. म्हणून मी वेगळी ओळ सांगणार — 'शेवटच्या सकाळी, राणी, मी होतो दुसऱ्या गावी'. हे पदरचं नव्हे. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

तिसरी ओळ काही जमेना. दुपारभर डोकं खाजवलं. जुनीच सांगेन. यमक गेलं खड्ड्यात!

१० मार्च, सोमवार

केलं.

कागद मुद्दाम बॅगेतच ठेवला. बाबांनी सुरुवातीचं वाजवलं, मी वाकले आणि कानात माझी ओळ सांगितली. ते गायलेच नाहीत. नुसते वाजवत राहिले — अख्खं एक आवर्तन. कानसेन काचेमागून भुवया उडवून माझ्याकडे बघत होता. वाटलं, आता गिटार खाली ठेवतील आणि मला बाहेर काढतील.

मग गायले. 'मी होतो दुसऱ्या गावी.' दुसऱ्यांदा आणखी हळू. मी तिसरी सांगायला वाकले, तर त्यांनी मान बाजूला घेतली आणि स्वतःच गायले —

'येऊ नकोस,' तू म्हणालीस, 'मला फक्त पोर हवी'

पुढची कडवी मी कशी सांगितली, आठवत नाही.

"काका, हेच घ्यायचं?" कानसेनने विचारलं. बाबा म्हणाले, "मी एकदाच गातो."

घरी येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमीसारखा. मी विचारलं, "खरंच असं म्हणाली आई?"

"हो. फोनवर."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"माझ्यावरचा राग मला झेलता येत होता. तिच्यावर रागावली असतीस, तर तो कुणी झेलायचा?" मग म्हणाले, "पायरी आली की सांग."

विश्वास ठेवावासा वाटतो. पण हातात हात होता, असंही हेच गाणार होते! आणि ओळ यमकात किती चोख बसलीय. घडलेलं असं बसतं का?

कानसेनला कळवलं, उद्यापर्यंत ते गाणं पुढे पाठवू नकोस. खोटी असेल तर ओळ काढायला लावीन. बाबा रागावले तरी चालेल.

तेव्हा खोलीत आणखी एकच मोठं माणूस होतं.

११ मार्च

मावशीला फोनवर तिसरी ओळ म्हणून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा म्हणायला लावली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"