विहिरीजवळची चार कंबरमोडी

लिहून ठेवणार अमर इस्तारी मारभते, वय सव्वीस, शिक्षण नववी, धंदा मासेमारी व धानशेती, मौजा मोहटोला, तालुका भामरागड. सकाळपासून माझा जबडा उघडत नाही. भांडं पडलं तरी अंग ताठ होतं. पण डोकं ठिकाणावर आहे, हात चालतो, कुणाचा दबाव नाही. नदीला पूर आहे. पलीकडे दवाखान्याची गाडी थांबली आहे आणि सुरेंद्रभाऊ नदीपार जाण्यासाठी डोंगा आणायला गेला आहे. तो येईपर्यंत लिहितो.

१. घर व दीड एकर धानाची बांधी पत्नी साधना हिची. आई देवकाबाई पुढच्या खोलीतच राहील. तिला कुणी उठवू नये.

२. मोठं जाळं सुरेंद्रभाऊचं. मागच्या वर्षी त्याने ते न विचारता नेलं, फाडलं आणि खेकड्यांचं नाव सांगितलं. मी विसरलो नाही. तरी जाळं त्याचंच.

३. नऊ दिवसांपूर्वी बांधीत पायाला फावडं लागलं. आईने अंगणातला पाला चुरून रस पिळला, रक्त थांबलं. आई त्याला कंबरमोडी म्हणते, साधनाच्या माहेरी दगडी पाला म्हणतात, गुरुजींनी एकदांडी शिकवलं. झाड एकच. आईनेच बजावलं होतं, "यानं रगत थांबते. धनुर्वाताची सुई घेऊनच ये." मी उपकेंद्रापर्यंत गेलो. रांग होती. धान रोवण्याची पाळी त्या दिवशी माझ्या बांधीची होती, बाया खोळंबल्या होत्या. परत आलो आणि घेतली म्हणून सांगितलं. साधनाने विचारलं, "कोन्त्या हाताले?" मी डावा हात दाखवला.

४. आज साधना आईला म्हणाली, "तुमच्या पाल्यानंच हे केलं." तेव्हापासून आई अंगणात बसून एकेक कंबरमोडी उपटत आहे. मला दारातून दिसते. तोंडाने थांबवता येत नाही, म्हणून हे कलम. दोष पाल्याचा नाही, आईचा नाही. सुई मी घेतली नाही. हे आईला आत्ताच वाचून दाखवावं.

५. विहिरीजवळ चार रोपं अजून उरली आहेत. ती मुलगी आचल हिला देतो. तिला तिन्ही नावं शिकवावीत, आणि सुईचंही सांगावं.

सही : अमर इस्तारी मारभते
मोहटोला, ६ ऑगस्ट २०२४, दुपारी

साक्षीदार :
१. बापूराव डुमरे
२. लटारू शेंडे. कलम तीन व चार मी देवकाबाईला अंगणात वाचून दाखवले. बाई हात न धुता आत आल्या आणि अमरचा डावा हात धरून बसल्या. डोंगा आला आहे. बाई हात सोडत नाहीत, म्हणून त्यांनाही सोबत नेत आहोत.