उजव्या चाकाचं सील

बाबा,

आज सकाळी आईनं पुन्हा तुमचा विषय काढला, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. चाकाचा आवाज मात्र आठवावा लागत नाही. चाक जॅकवर उचललेलं आहे, तुम्ही ते हातानं फिरवताय, कान जवळ नेऊन ऐकताय, आणि आतली बेअरिंग हळू घरघरतेय. हा आवाज मला ट्राममध्ये येतो, कपडे धुण्याच्या यंत्रात येतो, कधी घरात काहीच चालू नसताना येतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तो आवाज येतो.

मी पुण्यात बी.एस्सी. होऊन तुमच्याकडे कोलोनला आले, तेव्हा तुम्ही कारखान्याच्या देखभाल विभागात चांगले मुरला होतात. मागच्या अंगणात, घरमालकांच्या परवानगीनं, तुमचा जुना वोनवागन उभा असे. गाडीमागे जोडून न्यायची ती दोन चाकांवरची खोली आईला फार आवडायची, कारण तिच्यात स्टोव्ह होता. "हॉटेलात त्या उकडलेल्या बटाट्यांची तोंडं बघण्यापेक्षा आपलं पिठलं बरं," असं ती म्हणे. दर वसंतात पहिल्या सहलीआधी तुम्ही दोन्ही चाकं स्वतः उघडायचात. गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचा नाहीत. घरमालक वरच्या खिडकीतून पाइप ओढत बघत असायचे. "हेर इंजेनिअर, मागच्या वर्षी काढलेलं चाक यंदा पुन्हा? आत अंडी घातलीत की काय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "गेनाऊ, अगदी बरोबर. उबताहेत का ते बघतोय." मी साडी खोचून, वर तुमचा निळा कामाचा कोट घालून शेजारी बसलेली. त्यावर आईचं वेगळंच. "अहो, पोरीच्या हाताला रॉकेलचा वास मारतोय. उद्या हिला बघायला कोणी आलं तर काय सांगू? मुलगी चाकं छान काढते?"

आपल्या घरात काही टाकलं जात नसे. तुम्ही वाकलेले खिळे ठोकून सरळ करायचात, आई पार्सलांच्या दोऱ्या गुंडाळून ठेवायची, नवे टॉवेल पाहुण्यांसाठी आणि जुने आपल्यासाठी. नवं जपायचं, जुनं वापरायचं, हे मला कोणी शिकवलं नाही, ते अंगातच होतं. फक्त एका वस्तूला तुमचा अपवाद होता. चाकाच्या मागच्या बाजूला बसणारं ते रबरी ओठाचं सील. ग्रीस आत धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. ग्रीस बाहेर आलं की ते थेट ब्रेकच्या पट्ट्यांवर जातं, आणि ग्रीस लागलेला ब्रेक चाक धरत नाही. म्हणून काढलेलं सील तुम्ही तिथल्या तिथे चाकूनं कापायचात. "चांगलं दिसतं म्हणून माणूस परत बसवतो," तुम्ही म्हणायचात. "कापलं की मोह संपला." मला तेव्हा वाटायचं, खिळे सरळ करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

तो शनिवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. डावं चाक तुम्ही पुरं केलंत, जुनं सील कापून टाकलंत, आणि सील ठोकायचा तो लाकडी ठोकळा माझ्या हातात दिलात. "उजवं चाक तुझं." चार वर्षं मी फक्त दिवा धरला होता आणि बेअरिंग रॉकेलात धुतल्या होत्या. परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवली होती, आणि आज हा ठोकळा. मी पिन सरळ करून काढली, नट सोडवला, ड्रम ओढून काढला. सील इतक्या हलक्या हातानं उचललं की त्याला ओरखडासुद्धा आला नाही. तळहातावर घेऊन पाहिलं. रबर मऊ होतं. मी पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी, माझ्या डोळ्यांना त्यात दोष दिसेना. जे मी इतकं नीट काढलं ते मीच कापायचं, हे मला पटेना. मी ते पुसलं आणि खिळ्यानं कडेवर बारीक 'उ' कोरला, उजव्याचा. मग ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगमध्ये दाबून भरलं, वर थोडं जास्तच भरलं, आणि जुनंच सील ठोकून बसवलं. नवं सील कागदासकट कोटाच्या खिशात ठेवलं. पुढच्या वर्षाला होईल म्हणून.

तुम्ही हात पुसत आलात. चाक चढलेलं होतं.

"सील कापलंस?"

"हो."

"उघडून बघू का एकदा?"

"बाबा, मी केलंय ना!"

तुम्ही हसलात. चाक एकदा फिरवलंत, कान लावलात, म्हणालात, "बोलतंय छान." एवढंच. कोणी दरडावून विचारलं नव्हतं, मी भ्यालेही नव्हते. दोन वाक्यांत 'नाही, पण चांगलं होतं' असं सांगता आलं असतं. तुम्ही रागावला असतात, अर्ध्या तासात चाक पुन्हा उघडलं असतंत, आणि ही गोष्ट तिथेच संपली असती.

पुढच्या आठवड्यात आपण आयफेलच्या डोंगरांत जातो. दुपार झालेली आहे, ऊन आहे, आई पुढे तुमच्याशेजारी बसून डब्यातल्या चकल्या मोजून देते आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पुरतील. लांब उतार लागतो. तुम्ही ब्रेक दाबता. वोनवागनचं डावं चाक धरतं, उजवं धरत नाही, आणि ती मागची खोली एका बाजूला फिरून आपल्या गाडीला ढकलते. आवाज फार होत नाही. गाडी आडवी होऊन दगडी कठड्याला लागते, आणि आईनं सावरायला समोर टेकवलेला उजवा हात मनगटात मोडतो. चकल्या सगळीकडे. आई म्हणते, "अहो, काय झालं?" आणि तुम्ही, कधी न अडखळणारे तुम्ही, म्हणता, "कळत नाही."

मी आईबरोबर इस्पितळात थांबले. वोनवागन ओढून अंगणात आणला गेला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्यानं दोन्ही चाकं उघडलीत. संध्याकाळी इस्पितळात आलात तेव्हा हात स्वच्छ धुतलेले होते, नखांतसुद्धा काळं नव्हतं. खुर्चीवर बसून तुम्ही आईला सांगितलंत, "माझी चूक झाली. जुनं सील राहून गेलं." माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, कोणत्या चाकाचं ते तुमच्या लक्षात आलेलं नाही, कामाच्या गडबडीत आपलंच राहिलं असं तुम्हाला वाटतंय. असं वाटून घेणं मला सोयीचं होतं, म्हणून वाटलं.

आईचं मनगट वाकडं जुळलं. लाटणं धरता यायचं, पण मळताना जोर लागायचा नाही. त्या दिवसापासून कणीक तुम्ही मळलीत. पाळीवर जायच्या आधी, सकाळी, बाह्या वर सारून, ग्रीस दाबायचात तसंच तळहाताच्या बुडानं. वोनवागन विकलात. आईनं तुम्हाला सोडलं नाही. "अहो, बाहेर सगळ्यांची यंत्रं नीट ठेवता, घरची बायको तेवढी मोडलीत." "अहो, कणीक सैल झाली, की हेही राहून गेलं?" पाहुण्यांसमोरसुद्धा. तुम्ही हसून म्हणायचात, "राहून गेलं खरं." मी ताटावर बसून पोळी खायचे. पुढे फ्रँकफर्टला शिकवायला लागले, तीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं काढल्या, आणि खोटं बोललेलं मूल मला चेहऱ्यावरून ओळखू यायचं. वर्गात माझा धाक होता.

मी नोकरीवर निघाले त्या दिवशी तुम्ही मला तो लाकडी ठोकळा दिलात. मला हसू आलं होतं. तुम्ही म्हणालात, "काम कोणीही केलेलं असो, न बघता चालवायला घेतो तो जबाबदार. हे लक्षात ठेव." मी म्हणाले, "हो बाबा." दुसऱ्यांदा 'हो'.

तुम्ही गेल्यावर हत्यारांची पेटी मीच आवरली. तळाशी तंबाखूचा डबा होता. आत कागदात गुंडाळलेलं एक सील, चाकूनं मधोमध कापलेलं. तुम्ही कापलेली सीलं कधी ठेवत नव्हतात. मी दोन्ही तुकडे उजेडात धरले. एकावर 'उ' होता.

म्हणजे त्या दुसऱ्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. जे मी कापलं नाही ते तुम्ही कापलंत, हात धुतलेत आणि इस्पितळात आलात. मग उरलेलं सगळं आयुष्य रोज सकाळी कणीक. न बघता चाक चालवायला घेतलंत म्हणून जबाबदार तुम्हीच, असा तुमचा हिशेब असेल. तो मला मान्य नाही. ते तुमचं तत्त्व झालं. माझं 'हो' माझंच आहे.

आई आता माझ्याकडे असते, नव्वदीची आहे. इतकी वर्षं मी म्हणत आले, आज नाही, उद्या सांगू. आता उशीर वेगळ्याच तऱ्हेनं झाला आहे. कारण आज सकाळी मी कणीक मळत होते आणि ती टेबलाशी बसून बघत होती. एकदम म्हणाली, "एका चुकीसाठी मी त्यांना जन्मभर टोचलं गं. माणूस देवासारखा ऐकून घ्यायचा. भेटले तर आधी माफी मागेन." ज्या चुकीसाठी तिनं तुम्हाला टोचलं, ती तुमची नव्हतीच, हे आता सांगितलं तर तिच्या हातात काय उरेल? आणि नाही सांगितलं तर ती तुमच्याकडे येईल ती चुकीची माफी घेऊन. हा ताळा मला जमत नाही.

तरी मी हात थांबवले होते. तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "काय गं? काय झालं?"

मी म्हणाले, "काही नाही. मीठ घातलं की नाही, आठवत नाही."

नवं सील अजून माझ्याकडे आहे, कागदासकट. रबर दगडासारखं झालं आहे. तुमच्या डब्यात त्या दोन तुकड्यांशेजारी ठेवलं आहे, हे पत्रही तिथेच ठेवीन.

मीठ मी घातलं होतं, बाबा.