चरबी मांजराला घातली

नातीच्या हातून मसाला पाठवलास, पण चरबी काढायची नाही हे सांगायला तुझी जीभ झिजत होती का? बोकडाची काढतात तशी मी डुकराच्या मटणाची सगळी चरबी कापून मांजराला घातली. मग मिरी काळी होईपर्यंत भाजली, कढीपत्ता टाकला, तुझ्या दक्षिणेकडच्या माहेरचं ते बाटलीतलं काळं आंबट ओतलं. तरी चप्पल चावल्यासारखं झालं. मांजर तेवढं खूश आहे.

बरं. सूनबाईस आशीर्वाद.

नात एक घास खाऊन म्हणाली, "आजी, हे आईसारखं नाही."

मी म्हटलं, "मग आईलाच घेऊन ये."

"आई म्हणते, त्या घरात माझी जागा पडवीत आहे."

कारटी तुझ्यावरच गेली आहे. पण खोटं बोलली नाही. "माझ्या ओट्यावर हे डुकराचं नको" म्हणत नऊ वर्षं मी तुला मागच्या पडवीत शेगडीवर शिजवायला लावलं. शेवटी तू वेगळं बिऱ्हाड केलंस.

आता खरं सांगते. तू कामावर गेलीस की तुझं पातेलं मीच बोटाने पुसून खायचे. तू मांजराला शिव्या द्यायचीस, मी गुमान ऐकायचे.

तुला लिहिलेली, न पाठवलेली आधीची दोन पत्रं माझ्या मिरीच्या डब्याखाली पडून आहेत, हेही बहुधा तिथेच जाईल. पण पडवीत राहिलेलं तुझं पातेलं आता माझ्या ओट्यावर आहे.

उत्तर द्यायला तू स्वतः यायचं. माझ्या लेकाने फोन करून "ती कामात आहे" म्हटलेलं मला चालणार नाही.

तुझी सासू