पॅनलसमोरची मोकळी जागा

नाना,

तुम्ही होता तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. कळंबहून मंचर असं कितीसं लांब! आज दुपारची भांडी आवरून पोथी उघडली, पण दोन ओव्यांपुढे मन जाईना. म्हणून ही वही घेतली.

मंचरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तुम्ही वायरमन होता. सुट्टीत आईनं दिलेला तुमचा डबा घेऊन मी यायचे. मागच्या अंगाला ट्रान्सफॉर्मरची खोली होती, आत तो एकसारखा घुमत असायचा. त्याच्या भोवती आणि शेजारच्या पॅनलसमोर, म्हणजे स्विचांच्या त्या लोखंडी कपाटासमोर, तुम्ही पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला होता. पट्ट्याच्या आत कोणी काही ठेवायचं नाही. मी दारात उभी आहे. तुम्ही पॅनलचं दार सताड उघडता, डोळे मिटता आणि तीन पावलं मागं येता. कुठं अडखळलं नाही की मगच कामाला हात घालता. शेठजी रिकामी पोती तिथं रचायला लावायचे आणि तुम्ही ती पाठीवर घेऊन बाहेर टाकायचात. एकदा शेठजी वैतागून म्हणाले, "अहो, एवढी जागा रिकामी कशाला? मोर नाचवायचाय का इथं?" तुम्ही म्हणालात, "मोर न्हाई शेठ, एखाद्या दिवशी मलाच नाचाया लागंल. तवा मागं जागा पायजे." शेठजी हसले, पण पोती पुन्हा आलीच.

दहावीत असताना मी पावसात भिजून आले आणि खोलीत ऊब असते म्हणून ओली ओढणी ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर वाळत टाकली. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत. मारलं नाहीत. "घरी जा," एवढंच म्हणालात आणि डबा न उघडता माझ्या हातात परत दिलात. तो भरलेला डबा मांडीवर घेऊन मी कळंबपर्यंत एसटीत बसले होते. म्हणजे नाना, मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

आता मी मंचरलाच राहते. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मरची खोली आहे. आमचे हे सेक्रेटरी, त्यामुळे तिची किल्ली आमच्या घरात. मागच्या देवळातल्या सप्ताहाचं सामान बायकांनी माझ्याकडे सोपवलेलं. मोठी पातेली, कढया, सतरंज्या. भाड्याची जागा कशाला, ही खोली तर पडूनच आहे, असं म्हणून मी ते तिथं ठेवलं. आधी दाराजवळच्या कोपऱ्यात, मग वाढत वाढत पॅनलसमोर. देवाचं सामान म्हटल्यावर कोणी हलवत नाही, उलट येता-जाता हात लावून नमस्कार करतात. डिंभ्याकडचा एक वायरमन कंत्राटदारातर्फे आमच्याकडे येतो. तो म्हणाला होता, "काकू, येवढं हलवा राव. दार पुरतं उघडत न्हाई, मी आपला तिरका हून काम करतोय."

मी म्हणाले, "देवाचं आहे भाऊ. सप्ताह होऊ दे, मग हलवू."

"देवाचं हाय म्हणून तर मी हात लावंना," म्हणाला. कढईला नमस्कार केला आणि तिरका होऊन काम करत राहिला.

गेल्या महिन्यात तो काम करत असताना त्याच पॅनलमध्ये जाळ झाला. तो मागं सरला तो पातेल्यांवर आपटला, तिथंच अडकला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला गाडीत घालून नेलं आणि सगळे त्या गाडीमागं गेले. मी एकटी मागं राहिले. एकेक करून सगळं सामान उचललं आणि देवळात नेऊन ठेवलं. एक पातेलं चेपलं होतं, ते तळाशी घातलं. दुसऱ्या दिवशी वीज खात्याचे इन्स्पेक्टर आले, टेप लावून पॅनलपासून भिंतीपर्यंत मापलं आणि लिहून गेले की जागा पुरेशी आहे, खोली मोकळी आहे. मी त्यांना चहा दिला.

आता कंत्राटदार म्हणतो, जागा पुरेशी होती तर चूक ह्याचीच, ह्याला परत घेणार नाही. आमचे हेही म्हणतात, "घाई करतो तो, मी आधीच सांगितलं होतं." काल त्याची बायको आली होती. डिंभ्याहून, दोन बस बदलून. पायरीवरच बसली, आत आली नाही. म्हणाली, "काकू, हे म्हणत्यात मागं पातेली व्हती. कुनी ऐकंना. तुमच्याकडं किल्ली आसती, तुमी बघितलं आसंल ना?"

मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही गं." तिनं मान हलवली, पाणी प्यायली, भांडं विसळून पालथं ठेवलं आणि गेली. तेव्हापासून मी देवापुढे बसते आहे, पण नुसतीच बसते.

नाना, हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून एवढं लांब लिहिता आलं. इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात द्यायच्या अर्जाला दोनच ओळी पुरतील. तो कागद शेजारी ठेवला आहे. त्यावर मी अजून फक्त 'श्री' घातलं आहे.