बत्तिसावं हळकुंड

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

सभा पार पडली. हजर त्रेसष्ट, मतं त्रेसष्ट. ताळा एका दमात जुळला!

विषय नंबर पाच – पाणी संस्थेच्या नदीवरच्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करायच्या, आणि सव्वीस वर्षं त्या चालवणाऱ्या रमजान मुलाणीला कामावरून कमी करायचं. गुप्त मतदानाची मागणी आली. म्हणजे आमच्या पद्धतीनं. संस्था निघाली तेव्हा निम्म्या सभासदांना वाचता येत नव्हतं, तेव्हापासूनची रीत – प्रत्येकाला एक हळकुंड, एक चिंचोका. होकार असेल तर हळकुंड मडक्यात, नकार असेल तर चिंचोका. उरलं ते घरी न्यायचं.

यादी मीच पुकारली. रजिस्टरला पहिलं नाव माझंच. पुढे लाल खूण केली आणि पुकारत गेलो. एकेक जण उठून मडक्यात हात घालून आला. मग मडकं अंथरलेल्या धोतरावर उपडं केलं, ओळी लावल्या, दोनदा मोजलं.

हळकुंडं बत्तीस. चिंचोके एकतीस. ठराव मंजूर.

माझं मन रमजानकडं होतं. पण मोजणाऱ्यानं मन बाजूला ठेवायचं असतं.

चेअरमन वीरधवल सगळ्यांसमोर म्हणाले, "कृष्णातनं मोजलं म्हंजे परत बगायला नगं." नववी नापास माणसाला आणखी काय पाहिजे? सभेचे नियम मी सांगलीत रद्दीच्या गाड्यावर घेतलेल्या पुस्तकातून शिकलो. पुढची आठ पानं नव्हती. त्याशिवाय शिकलो.

२६ ऑगस्ट

इतिवृत्त पक्कं लिहिलं. वही चार, पान एकशे अठरा. खाडाखोड शून्य.

२८ ऑगस्ट

वाईट झालं.

तीन दिवसांत हरकत आली नाही तर मतांच्या पिशवीचं सील तोडायचं आणि माल परत बरणीत ओतायचा – हा नियम माझाच. आज ओतताना एका हळकुंडाची मोड दिसली. ताजी. पॉलिश केलेलं हळकुंड बाहेरून पिवळं, पण मोडलं की आत गर्द केशरी. दुसऱ्या एका तुकड्यालाही तशीच मोड. दोन्ही जोडून बघितले – फट दिसेना!

जोड हळकुंड होतं. मडकं उपडं केलं तेव्हा मोडलं असणार. मी ते दोन धरलं. दोनदा मोजलं आणि दोन्हीदा दोनच धरलं.

म्हणजे एकतीस-एकतीस. ठराव मंजूर नाहीच.

आणि मतं बासष्ट. हजर त्रेसष्ट. कुणीतरी एकानं टाकलंच नाही! टाकलं असतं तर ताळा तिथंच बिघडला असता, मी फेरमोजणी केली असती. त्याच्यामुळं माझी चूक झाकली गेली. कोण हा?

२९ ऑगस्ट

चेअरमनच्या घरी गेलो. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"मोडकं हळकुंड घिऊन आलायस व्हय रं? मला वाटलं लग्नाची पत्रिका आणलीस."

सांगितलं. हसू गेलं.

"सही झालीया माजी. आता कशाला उकरतोस?"

म्हटलं, पुढच्या सभेत वाचून कायम होईपर्यंत ते इतिवृत्त कच्चंच.

"तुला कळतंय का, लोक तुलाच हसतील."

कळतंय. विशेष सभेची नोटीस काढली. विषय एकच – मागील इतिवृत्तात दुरुस्ती.

२ सप्टेंबर

त्या एकाला शोधतोय. खुणा त्रेसष्टच्या त्रेसष्ट आहेत, म्हणजे पुकारा झाल्यावर कुणीतरी नुसताच हात घालून आला. कोंडीबाचा संशय होता, सभेत डुलक्या घेतो.

"माज्याच तोंडाकडं काय बगतोस गड्या? बाकीचे बासष्ट मेले व्हय?"

लीलाबाईला विचारलं. ती तर उसळलीच. "आवं, तुमच्या डोळ्यांदेखत टाकलं की! मत गुप्त म्हंता आन् घरोघर इचारत फिरता?"

बरोबर बोलली. पण एवढा निष्काळजी माणूस सभासद राहतोच कसा?

८ सप्टेंबर

नदीवर गेलो. रमजान मोटारीला कान लावून बसला होता. बेअरिंग जायच्या आधी त्याला आवाजावरून कळतं. सगळं सांगितलं त्याला. तुझी नोकरी मी चुकीच्या मोजणीनं घालवली, असंच म्हणालो.

त्यानं मोटारीवरचा कान काढला. मग म्हणाला, "तू मोजलंस म्हंजे बरोबरच आसंल म्हनून घरात सांगितलं हुतं मी. लेक नौशीन रडली, तिला बी हेच सांगितलं." मग चहा टाकला. "एक मत कमी पडलं म्हन की."

"तो सापडू दे मला," मी म्हटलं.

"सापडला तर काय करशील? जाऊ दे. इसरला आसंल."

विसरला! मत विसरायची गोष्ट आहे?

२२ सप्टेंबर

विशेष सभा. उकाडा फार, सभेचं जाकीट न घालताच गेलो. तुकडे सगळ्यांना दाखवले. चूक माझी, असं उभं राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पान एकशे अठरावर ‘बत्तीस’वर लाल शाईनं एकच रेघ मारली, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर ‘एकतीस’. समासात सही. खाली टीप – ‘एका सभासदाने मत टाकले नाही. नाव समजले नाही.’

लीलाबाई म्हणाली, "परत एकदा मडकं फिरवा की."

चेअरमननी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, विषयपत्रिकेत फेरमतदान नाही. नियमात बसत नाही. समसमान मतं पडली तर निर्णायक मत अध्यक्षांचं.

वीरधवल थोडा वेळ टोपी हातात धरून बसले. मग म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं."

शेवटच्या रांगेतून रमजान उठला. जाताना मला मान हलवून गेला.

३० सप्टेंबर

रमजाननं किल्ल्या आणून दिल्या. पोच लिहून दिली. त्यानं न वाचताच घडी घातली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

परवा घट बसणार. हिनं सगळ्या घरातलं धुणं काढलंय. सकाळी जाकीट घेऊन दारात आली. "आवं, हळकुंड कशाला ठेवलंया आतल्या खिशात? आन् ह्यो चिंचोका?"

वही चार. पान एकशे अठरा. ‘नाव समजले नाही.’

लाल शाई भरली. एकच रेघ मारली, आधीचं वाचता येईल अशी.