दोन आखूड, एक लांब

तात्या,

आज मी एका मशीनला वाट बघणं थांबवायला शिकवलं. तुम्ही म्हणाला असता, "ह्यात शिकवायचं काय? निघायचं." पण मशीनला आपणहून निघता येत नाही, तेच तर लफडं आहे.

तुमच्या वेल्ह्याकडच्या दुधाच्या रूटवर आता बदल झालाय. वरच्या वाडीत, शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत, दूध गार करायची टाकी बसलीये. लोक दोन्ही वेळचं दूध तिथंच घालतात आणि टेम्पो दिवसातनं एकदाच येतो. टाकीत बोटाएवढा एक सेन्सर असतो, दूध किती गार झालं ते सांगणारा. बाहेरच्या डब्यातला बोर्ड त्याला विचारतो आणि दूध तापायला लागलं की कॉम्प्रेसर चालू करतो. त्या बोर्डाचा प्रोग्राम मी लिहिते, नसरापूरच्या अलीकडं एका शेडमध्ये बसून. कथापण लिहिते, सुटलेलं नाही ते. फरक एवढाच की कथेत वाक्य चुकलं तर कुणाचं दूध नासत नाही.

आणि दूध नासलं, तात्या. सेन्सरला मोजायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या वेळात बोर्ड त्याला सारखा विचारत राहतो. झालं का? नाही. झालं का? नाही. झालं. मग पुढचं काम. माझ्या आधी जो कुणी होता त्यानं सेन्सरबरोबर आलेला नमुन्याचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतलेला, आणि त्यात लिहिलेलं होतं, झालं म्हणेपर्यंत विचारत राहा. शेडमधल्या टेबलावर ते झकास चालायचं, कारण टेबलावर उंदीर नसतात. वाडीत उंदरानं वायर कुरतडली, आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या, आणि तिकडनं नुसतं "नाही, नाही" येत राहिलं. बोर्ड विचारत बसला. कॉम्प्रेसर बंद होता तो बंदच राहिला. अलार्म वाजवायचं कामपण त्याच बोर्डाचं, आणि बोर्ड तर विचारण्यात गुंतलेला. आणि डब्यावरच्या काचेवर शेवटचा चांगला आकडा तसाच थिजून राहिला, चार. म्हणजे दूध एकदम गार, काळजी नको.

आत्यानं दुपारी टाकीला हात लावून बघितलेला. तिनंच मला सगळं करून दाखवलं, दूध सेंटरच्या सेक्रेटरीच्या आवाजासकट.

"आरं, टाकी कोमट लागतीया."

"आक्का, तुजा हात तापलाय उन्हानं. मशीन चार म्हनतंय."

"माजा हात तापला म्हून टाकी गार झाली व्हय? उठ की, लाव हात."

"मशीन कशाला खोटं बोलंल? त्येला काय तुज्यावानी भावकी हाय?"

टेम्पोवाल्यानं येऊन झाकण उचललं आणि वासानंच मागं सरला. सगळ्या वाडीचं दूध ओढ्यात सोडलं. आत्या म्हणाली, "म्हशीला तोंड दावाया लाज वाटली मला." मग वाडीची बैठक बसली आणि ठरलं, परत एकदा असं झालं तर टाकी उचलून न्या. टाकी गेली की बायांनी परत कॅन डोक्यावर घेऊन उतार उतरायचा, खालच्या रस्त्यापर्यंत. आत्यानंसुद्धा, तो अधू पाय घेऊन.

आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. पण त्यांना पटकन होणारा उपाय पाहिजे होता. म्हणाले, "बोर्ड अडकला तर आपोआप रीस्टार्ट होईल असं कर, संपला विषय." मी म्हटलं, "सर, रीस्टार्ट होऊन तो परत त्याच वायरीला विचारणार आणि परत तिथंच अडकणार. झोपलेल्याला उठवून परत त्याच खड्ड्यात ढकलल्यासारखं आहे ते." मग म्हणाले, बरं, वेळेची मर्यादा घाल. ते मला पाहिजेच होतं. पण त्यांचं वाक्य तिथं संपलं नव्हतं. "मर्यादा संपली की जुना आकडा दाखवत राहा. उगाच एरर बघून गिऱ्हाईक घाबरतं. सेन्सर कधीतरी येतोच लायनीवर."

तिथं मला तुम्ही आठवलात. डेअरीच्या खिडकीपाशी, डोक्याला पंचा गुंडाळून.

शाळेला सुट्टी आहे. मी टेम्पोत तुमच्या शेजारी बसलेय, पायाशी रिकामा कॅन आणि गिअर टाकताना दर वेळी त्याला लागणारा तुमचा हात. वरच्या वाडीच्या वळणावर तुम्ही एक आखूड हॉर्न देता. लोक येतात, तुम्ही कॅन घेता, दोरी आवळता. दुसरा आखूड. टायरला लाथ मारून बघता. नुसतं बसून वाट बघताना मी तुम्हाला कधी बघितलंच नाही. मग तिसरा, लांब. तो संपला की गिअर. त्या दिवशी सगळे आले, आत्या तेवढी आली नाही, आणि तुम्ही गिअर टाकलात.

"तात्या, आत्या राहिली!"

"दिसतंय मला."

"तुमची बहीण आहे ती!"

"म्हून काय करू? तिच्यापायी थांबलो तर ऊन चढंल आन मागचं समदं नासंल. ह्या कॅनांना काय सांगू, माजी बहीन हाय म्हून?"

मी तोंड फिरवून बसले. पण पुढच्या वाडीत पहिल्याच माणसाला तुम्ही थांबवून सांगितलंत, "आक्का आली न्हाई आज. असं व्हत न्हाई कदी. जरा वर जाऊन बघ बाबा." आणि खाली डेअरीच्या खिडकीत क्लार्क हसत म्हणाला, "कालचंच लिटर टाकतो की आक्काच्या नावावर. घरचं माणूस." तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत की त्याचं पेन थांबलं. "आलं न्हाई ते आलं न्हाई. तसंच लिवा."

गडी वर गेला तेव्हा आत्या गोठ्यात पडलेली होती. म्हशीनं पायावर पाय दिलेला, पाऊल मोडलेलं, उठता येईना. रिकामा टेम्पो घेऊन तुम्ही तसेच उलटे वर आलात. ती कण्हतच म्हणाली, "भाऊ हाय का यष्टीचा डायवर! लांब हॉर्न ऐकू आला, म्हनलं गेलं येडं." आणि तुम्ही तिला उचलून माझ्या शेजारी बसवलंत, आणि भोरच्या दवाखान्यापर्यंत ती तुम्हाला शिव्या देत होती.

कालचं लिटर टाकलं असतं तर वही बघणाऱ्या कुणालाच कळलं नसतं की ती आलीच नाही. हेच मी साहेबांना सांगितलं, तुमचं नाव न घेता. "सेन्सर बोलला नाही तर बोलला नाही असंच दिसलं पाहिजे. जुना आकडा म्हणजे थाप आहे." ते म्हणाले, "तुझं गाव आहे म्हणून तू भावनिक झालीयेस." म्हटलं, "झालेय. पण आकडा दाखवणार नाही." दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी हलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं, कर तुझ्या मनासारखं."

तुमच्यावर माझा रागपण आहे, तो आज लिहूनच टाकते. दुसऱ्या सगळ्यांसाठी तुमचा लांब हॉर्न होता, तुमच्या स्वतःसाठी नव्हता. कापूरहोळच्या गॅरेजमध्ये क्लचचं काम चाललेलं, छातीत दुखायला लागलं, मेस्त्री म्हणाला भोरला जाऊ, आणि तुम्ही म्हणालात, "बघू जरा." थोड्या वेळानं परत, "बघू जरा." तुम्ही गेल्यावर मेस्त्रीनं मला तेवढंच सांगितलं, की सारखं बघू जरा म्हणत होते. किती वेळ बघायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. म्हणून आता हे शब्द मी कुठल्याच मशीनमध्ये राहू देणार नाही. आमच्याकडचे सगळे प्रोग्राम उघडायला घेतलेत. जिथं जिथं "होईपर्यंत" लिहिलंय तिथं "होईपर्यंत, नाहीतर एवढा वेळ" असं करणार. वेळ घड्याळानं मोजायची, कितीदा विचारलं त्यावरनं नाही. उद्या जास्त वेगाची चिप आली तर ती तेवढे प्रश्न क्षणात विचारून मोकळी होईल आणि चांगल्या सेन्सरला मेला म्हणेल.

आज सकाळी मी स्वतः वर जाऊन नवा प्रोग्राम टाकला, वायर पाइपातनं घेतली. मग सेक्रेटरीसमोर मुद्दाम दोन तारा एकमेकींना चिकटवल्या. बोर्डानं तीनदा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी एक सेकंद, आणि सोडून दिलं. काचेवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. कॉम्प्रेसर ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद असा घड्याळावर चालायला लागला, कुणीतरी येऊन बघेपर्यंत दूध सांभाळायला.

"रेगा म्हंजी काय समजायचं?" सेक्रेटरीनं विचारलं.

"मला माहीत नाही, असं मशीन म्हणतंय. मग तुम्ही उठायचं आणि हात लावायचा."

"हेच मी म्हनत व्हते," आत्या पायरीवरनं म्हणाली, "तवा माजी भावकी काडली."

टाकी राहतेय, तात्या.

हे सगळं प्रोग्रामच्याच फाईलीत लिहितेय, अगदी वर, जिथं माणसांसाठी शेरे लिहितात. मशीन त्या ओळी वाचत नाही. खाली जाणारी जीप आली की पुसून टाकेन आणि बाकीची फाईल साहेबांना जाईल.

एक मात्र त्यांना सांगितलेलं नाही. अलार्म कसा वाजावा हे माझ्यावर सोडलेलं होतं. मी ठेवलाय दोन आखूड, एक लांब. आज रेघा आल्या आणि तो वाजला, तेव्हा आत्या बोलता बोलता कॅन उचलून उभी राहिली. मीपण वळणाकडं बघत राहिले. किती वेळ, ते मोजलं नाही.